फिटरचा आयटीआय झालाय, पिक्चरच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये जायचंय, मार्गदर्शन करा

भोसरी_फिटर:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत न्यूमॅटिकचं, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मशिनचं काम करतो. पिक्चरमध्ये स्फोट, पाऊस, काच फुटणं हे कसं करतात याचं लहानपणापासून वेड आहे आणि आता तेच काम करायचंय. एका क्लासवाल्यांनी व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरचे इफेक्ट्स) कोर्सची फी लाखांत सांगितली, वर जॉबची गॅरंटी म्हणे. घरचे म्हणतात हातची नोकरी सोडू नको. काय करू?

सेटवरचा_गडी:
भावा, तू म्हणतोस ते बरंचसं काम कॉम्प्युटरवर नाही, सेटवर होतं, आणि तिथे तुझा ट्रेड सोन्यासारखा आहे. मातीचा लोट उडतो ना, तो बऱ्याचदा दाबाच्या हवेने उडवतात, खाली टाकी, मधे झटक्यात उघडणारा व्हॉल्व्ह, वर नळ्यात माती आणि कॉर्कचा भुसा, आणि व्हॉल्व्ह जरा जरी हळू उघडला तरी माती नुसती फुसकन वर येते. पावसाचं म्हणशील तर पाणी टँकरचं, पण लाइट मागून मारावा लागतो, समोरून मारला तर कॅमेऱ्यात पाऊस दिसतच नाही. सुरुवातीला पाइप उचलणं आणि धूर सोडणं एवढंच मिळेल. रोजंदारी असते, पेमेंट रखडतं, माझे एका प्रॉडक्शनने बुडवलेत, तेव्हा रेट आधी लिहून घे. बारुदाला लायसनवाला माणूस नसेल तर त्या सेटवर थांबूच नको.

कंपोझिटर_कोथरूड:
मी व्हीएफएक्सवाली. आमच्याकडे फ्रेशरला बहुतेक रोटोला बसवतात, म्हणजे माणूस बॅकग्राउंडपासून कापून काढायचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ५ सेकंदाच्या शॉटला १२०, आणि हिरॉइनचे मोकळे केस वाऱ्यावर असले की दिवस कुठे जातो कळत नाही. साधं रोटो आता सॉफ्टवेअरच बरंच करायला लागलंय, त्यामुळे फक्त तेवढ्यावर करिअर नको. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शॉटचे तुकडे एकत्र जोडायच्या न्यूक सॉफ्टवेअरचं शिकण्यापुरतं व्हर्जनही फुकट मिळतं, फी भरायच्या आधी घरी करून बघ ना. आणि क्लासवाल्यांकडे मागच्या बॅचच्या मुलांचे शोरील, म्हणजे केलेल्या कामाचे व्हिडिओ माग, टाळाटाळ केली तर समजून जा.

प्रभात_रोड:
अहो, हे काम आपल्या पुण्याला नवीन नाही. प्रभात कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून इथे आली आणि १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान ट्रिक फोटोग्राफीने दाखवलं, तेही कॉम्प्युटर नसताना! त्याच जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. नोकरी सोडू नका, सुट्टीच्या दिवशी शॉर्टफिल्मवाल्या पोरांना मदत करा, त्यांना रिग, म्हणजे इफेक्टसाठी लागणारी जोडणी बनवणारा माणूस मिळतच नाही.

भोसरी_फिटर:
सगळ्यांचे खूप आभार. सेटवाले दादा, आमच्या भंगारात क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि एक जुनी टाकी पडलीये, त्याच्यावर ट्राय करू का?

सेटवरचा_गडी:
व्हॉल्व्ह साफ करून वापर, टाकी अजिबात नको. गंजलेली टाकी दाबाखाली फाटली तर माणूस जातो. टेस्टिंग झालेलीच घे. मेसेज टाक, पुढच्या शूटला हेल्पर लागणारेत, सेफ्टी शूज घालून ये.