स्लाइड मिळतात, पण प्रश्न विचारता येत नाही

"भाषणांच्या स्लाइड नंतर नेटवर येतातच, मग एवढा खर्च करून कॉन्फरन्सला कशाला जायचं?" हा प्रश्न रास्त आहे. तरीही मी जा असंच म्हणेन. सर्च मार्केटिंगमध्ये, म्हणजे सर्च इंजिनमधून साइटवर लोक आणण्याच्या धंद्यात, कितीतरी बातम्या सभागृहातच फुटल्या आहेत. जून २००९ मध्ये या धंद्याच्या एका कॉन्फरन्समध्ये, सिअ‍ॅटलच्या एसएमएक्स अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तेव्हा गूगलमध्ये शोध-निकालांतली फसवेगिरी रोखणाऱ्या टीमचे प्रमुख असलेले मॅट कट्स यांनी सांगितलं, की नोफॉलो (या दुव्याला महत्त्व देऊ नका, असं सर्च इंजिनला सांगणारी खूण) लावून पेजरँक (दुव्यांवरून गूगल पानाला देतं ते वजन) हव्या त्या पानांकडे वळवायची युक्ती आता चालत नाही. तोवर अनेकजण ग्राहकांकडून त्याच कामाचे पैसे घेत होते! समोरच्या वक्त्याला तिथल्या तिथे उलट प्रश्न विचारता येतो, स्लाइडला नाही.

आणि कॉन्फरन्स मोठीच हवी असंही नाही. इंग्लंडमधलं ब्रायटनएसईओ हे सर्च मार्केटिंगचं संमेलन २०१० मध्ये एका पबच्या माडीवरच्या छोट्या बैठकीतून सुरू झालं. आज तिथे हजारो लोक येतात.

आता कॉन्फरन्सला गेल्यावर स्वतःच्या साइटची प्रसिद्धी कशी करायची, त्याबद्दल. व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरू नका, ती कुणी जपून ठेवत नाही. मी एकच सत्र निवडतो, नीट टिपणं काढतो, त्याच रात्री लेख टाकतो आणि वक्त्याला दुवा पाठवतो: तुमचा अमुक मुद्दा मी बरोबर मांडलाय का? बहुतेकजण उत्तर देतात, चूक दाखवतात, काहीजण तो लेख स्वतःहून पुढे पाठवतात. दोन दिवस उशीर केलात, तर मात्र तोच लेख कुणी उघडत नाही.