विषय: भेटकार्डाची घडी तडकते आणि कार्ड वाकते

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यापासून मी मुलांना सोबत घेऊन हाताने भेटकार्डे तयार करते आहे. पाकळ्या कापणे, क्विलिंगच्या, म्हणजे नक्षीसाठीच्या बारीक कागदी पट्ट्या गुंडाळणे, रंगसंगती जुळवणे हे सारे मनासारखे जमते. मात्र कार्ड दुमडले की घडीवरचा रंग तडकतो आणि आतला पांढरा थर रेघेसारखा डोकावू लागतो. शिवाय दर्शनी बाजूस चिकटवलेला नक्षीचा कागद वाळला की अख्खे कार्ड होडीसारखे वाकते. मी २५० जीएसएमची (दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची) ए४ आकाराची रंगीत कार्डशीट मधोमध दुमडते आणि चिकटवण्यासाठी पांढरा गोंद वापरते. कागद बदलावा की पद्धत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

*

ताई, नमस्कार.

कागद बदलण्याची गरज मला वाटत नाही. तो कोणत्या दिशेने दुमडायचा, एवढे आधी ठरवावे लागेल. यंत्रावर कागद तयार होताना लगदा पुढे सरकणाऱ्या जाळीवर पसरतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्या ओघाच्या दिशेने पडतात. छपाईवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर असली तर कड स्वच्छ येते. आडवी गेली तर तंतूच मोडावे लागतात आणि वरचा रंगीत थर त्यांच्याबरोबर फाटतो.

ग्रेन ओळखायला सोपा आहे. कागद न दुमडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून तळहाताने दाबून पाहावा. ज्या वेळी हाताला कमी जोर लागेल, तेव्हाचा बाक ग्रेनला समांतर असतो. तरीही शंका राहिली, तर छोटा तुकडा कापून त्याची एकच बाजू ओली करावी. तो गुंडाळत जाऊन त्याची नळी होते आणि नळीची लांबी ज्या दिशेने असेल तोच ग्रेन.

ए४ कागदात ग्रेन पुष्कळदा लांब बाजूने असतो, म्हणून अख्खा कागद मधोमध दुमडला की घडी त्याला आडवी जाते. तोच कागद आधी मधोमध कापून दोन भाग केले आणि प्रत्येक भाग पुन्हा मधोमध दुमडला, तर घडी आपोआप ग्रेनला समांतर येते. कार्ड १४८ बाय १०५ मिलिमीटरचे होते आणि ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या सी६ पाकिटात व्यवस्थित बसते. मोठेच कार्ड हवे असेल, तर आखूड बाजूने ग्रेन असलेला कागद शोधावा.

इतका जाड कागद नुसत्या हाताने दुमडू नये. स्टीलची पट्टी धरून बोन फोल्डरने (घडी दाबायच्या बोथट पट्टीने) किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ आधी दाबून घ्यावी. काही जण कटरने हलका छेद देतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण छेद दिलेली घडी चार वेळा उघडझाप झाली की फाटू लागते. दाबलेल्या रेघेची खोबण कार्डाच्या बाहेरच्या अंगाला आणि मागे उमटलेला उंचवटा आत राहील, अशा बेताने दुमडावे.

वाकण्याचे कारण गोंदातले पाणी. ओले झालेले तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने ताणला जातो आणि वाळताना आक्रसून खालच्या कागदाला ओढतो. मोठा नक्षीचा कागद दुहेरी चिकटपट्टीने लावावा. गोंदच वापरायचा असेल तर दोन्ही कागदांचा ग्रेन एकाच दिशेला ठेवून तो अगदी पातळ लावावा आणि कार्ड रात्रभर जड पुस्तकांखाली दाबावे. क्विलिंगला गोंद लागतोच, पण टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच.

*

नमस्कार दादा,

आपण सांगितल्याप्रमाणे कार्डशीटचा तुकडा ओला केला; नळी कागदाच्या लांब बाजूनेच उभी राहिली. उरलेले कागद मधोमध कापून नऊ कार्डे केली आणि एकाही घडीवर पांढरी रेघ आलेली नाही. मुलांना कार्डापेक्षा ती नळीच अधिक आवडली आणि आता हाती येईल तो कागद ती ओला करून पाहत आहेत.

गडद कार्डाच्या आत मजकूर दिसावा म्हणून पातळ पांढरा कागद दुमडून लावला आहे. आपले गोंदाविषयीचे स्पष्टीकरण लक्षात ठेवून तो सगळा न चिकटवता फक्त घडीलगत एका बाजूस बोटभर पट्टी चिकटवली. कार्ड मिटताना आतला कागद मोकळा सरकतो आणि त्याला सुरकुती पडत नाही.