मागचं पटांगण खो-खोला द्यायचं का?

सेक्रेटरी: मंडळी, शेजारच्या खो-खो मंडळाचं पत्र आलंय. त्यांच्या मैदानात ड्रेनेजचं खोदकाम सुरू आहे, म्हणून दोन महिने संध्याकाळी ६ ते ७.३० आपलं मागचं पटांगण सरावाला मागताहेत. मतं कळवा. गुड मॉर्निंगचे फोटो नकोत.

ए-५०१ काका: माझा विरोध. बाहेरची पोरं, धूळ, आरडाओरडा. शिवाय तिथे आमच्या गाड्या असतात.

सी-१०२: काका, एक गाडी तर दिवाळीपासून कव्हर घालून उभीच आहे 😀

ए-५०१ काका: मुलाची आहे. तो आला की लागते.

बी-२०४: मी शाळेत असताना सहा वर्षं याच मंडळात खेळले, म्हणून जरा लांबण लावते. काका, बाकी आरडाओरडा थांबवता येईल, 'खो' नाही थांबवता येणार. बसलेल्या गड्याला मागून हात लावायचा आणि त्याच क्षणी मोठ्यानं खो म्हणायचं, नियमच आहे तो. तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की पंचांची शिट्टी.

आता दुसरं. मैदानात एका संघाचे नऊ गडी, पण सामना उभा करायला केवढी माणसं लागतात बघा. फक्की मारायला, खांब रोवायला, पाणी भरायला, शिवाय दोन पंच, सरपंच (म्हणजे मुख्य पंच), वेळाधिकारी, गुणलेखक. पगार कुणालाच नाही. आमच्या वेळी गुण लिहायला कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या काकू यायच्या, हाताला पीठ तसंच. खेळल्या कधीच नव्हत्या, पण आकड्याला पक्क्या. त्या बसतात म्हणून दळण टाकायला आलेल्या बायका पाच मिनिटं टेकायला लागल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या मुली मैदानात. माझी आई त्या दळणवाल्यांपैकीच. नाहीतर मला कोण पाठवतंय हाफपँट घालून खेळायला!

डी-३०३ आजोबा: आमच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांचं पथक देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्या मंडळाची सुरुवातही आखाड्यातच झाली होती हो.

सी-१०२: आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही फायनलला आपण नेपाळला हरवलं. कप्तान प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे 💪

ए-५०१ काका: वर्ल्ड कप ठीक आहे. उद्या आपल्या आवारात एखाद्याचा हात मोडला तर जबाबदार कोण? सोसायटीच ना?

बी-२०४: हे मात्र बरोबर आहे तुमचं. मंडळाकडून लेखी घ्यायचं, त्यांचा एक मोठा माणूस हजर असल्याशिवाय सराव नाही. पेव्हर ब्लॉकवर तर पाऊलच ठेवू द्यायचं नाही, सूर मारला की कोपरं सोलवटून निघतात. फक्त मातीच्या भागात, तीही खडी वेचून. पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर लागतं. आपली मोकळी माती मी पावलांनी मोजली, जेमतेम २० बाय १२ भरली. सराव होईल, सामने नाहीत.

आणि 'बाहेरची' म्हणताना जरा जपून. आपल्या वॉचमनदादांची धाकटी त्याच मंडळात आहे. काल गेटजवळ सी विंगचे दोघं तिला धरायला बघत होते. ती दिव्याच्या खांबाला हात लावून अशी हूल द्यायची की हे डावीकडे झेपावले की ही उजवीकडून पसार. पाचेक मिनिटं दमवलं तिनं. शेवटी दोघं धापा टाकत खाली बसले आणि तिला नाव विचारलं. चार वर्षं ती याच गेटवरून शाळेत जाते.

सी-१०२: त्यातला एक आमचाच 🙈 घरी आल्यापासून स्टुलाभोवती फिरतोय.

ए-२०१ काकू: धुळीचं काय पण? माझे कपडे त्याच बाजूला वाळतात.

बी-२०४: सरावाआधी पाणी मारतात काकू, नाहीतर घसरायला होतं. तरी साडेपाचला काढून घ्या.

ए-५०१ काका: पाणी कुठलं? टँकरचं?

सेक्रेटरी: विषय रविवारी १० वाजता सभेत घेतो, मंडळाच्या दोघांना बोलावतोय. आणि पाण्यावरून आठवलं, डी विंगची टाकी भरून वाहतेय. खाली कोण आहे, पंप बंद करा आधी.