दोन वर्षं फिट आली नाही म्हणजे सुटका?

काही जण म्हणतात की डोक्याच्या जखमेनंतर दोन वर्षं फिट आली नाही म्हणजे धोका टळला. कवटी भेदून आत गेलेल्या जखमेला हा हिशोब लागू नाही. व्हिएतनाम युद्धातल्या अशा 421 अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत 15 वर्षांत 53 टक्क्यांना अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) जडला होता; काहींची पहिली फिट फार उशिरा आली. म्हणून फेनिटॉइन हे फिट रोखणारं औषध वर्षानुवर्षं घ्यावं असंही नाही. प्रतिबंध म्हणून त्याचा उपयोग पहिल्या आठवड्यापुरताच, पुढे नुसती सुस्ती.

फिट दर वेळी हातपाय झाडत येत नाही. बोलताबोलता अर्धा मिनिट नजर शून्यात, ओठ चाटणं, बोटांनी शर्टाचं बटण चाळवत राहणं आणि नंतर काहीच न आठवणं, हीसुद्धा फिटच. घरच्यांनी व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टला दाखवावा. (डोक्यात धातूचा तुकडा राहिला असेल तर एमआरआयआधी सांगायलाच हवं.)

अशा जखमेनंतरचा सततचा थकवा आणि मंदावलेली कामेच्छा लगेच नैराश्याच्या खात्यात टाकतात, ते मला पटत नाही. पिट्युटरीला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या, इतर ग्रंथींना हुकूम देणाऱ्या ग्रंथीला, इजा झालेली असू शकते. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं हार्मोन), सोबत फ्री टी-4 (थायरॉइडचं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) रक्तात तपासावं. नुसत्या टीएसएचवर (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन) विसंबू नये, पिट्युटरीच बिघडली असेल तर ते नॉर्मल दिसू शकतं. कॉर्टिसॉल आणि टी-4 दोन्ही कमी निघाले तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई करणारं औषध), मगच थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी). क्रम उलटला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.