सासूबाईंची बद्धकोष्ठता: रोजचं चूर्ण सोडवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

कोरांटी:
सासूबाईंचं वय ६९. तीन-चार दिवसांनी एकदा शौचाला होते, तीही खडे-खडे आणि बराच वेळ कुंथून. रोज रात्री बाजारचं चूर्ण दोन चमचे घेतात. घेतलं की पहाटे कळा येऊन पातळ होतं, आणि एखाद्या रात्री चुकलं तर पुढचे दोन-तीन दिवस काहीच नाही.

सकाळी फक्त चहा-बिस्किट, अकराला पोळी-भाजी (पीठ बारीक चाळणीने चाळलेलं), रात्री वरण-भात. सोमवार आणि एकादशीला साबुदाणा. रात्री उठावं लागतं म्हणून पाणी कमी पितात. गुडघे दुखतात, त्यामुळे आता कमोडच. गोळ्या: बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, कॅल्शियम, आणि दोन महिन्यांपासून लोहाची (हिमोग्लोबिन ९.८ आलं होतं). मध्ये इसबगोल दिलं तर पोट फुगलं, म्हणून बंद केलं. आहारातून जमेल का? आणि चूर्ण कसं सोडवायचं?

परसबाग:
आहारातून बरंच जमेल, पण एकदम नाही. इसबगोलने पोट फुगलं ते बहुधा पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिल्यामुळे आणि सोबत पाणी कमी पडल्यामुळे. आतड्यातले जिवाणू चोथा (फायबर) आंबवतात, त्यातून वायू होतो. त्यांना वाढत्या चोथ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला साधारण ५ ग्रॅम चोथा वाढवा, त्याहून जास्त नको.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हे लक्ष्य धरा. त्यांच्या सध्याच्या जेवणात याच्या निम्माही असेल असं वाटत नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरी-नाचणीत ११, पॉलिश केलेल्या तांदळात मात्र जेमतेम ३. गव्हाच्या पिठातही ११ असतो, पण बारीक चाळणीने चाळलं की कोंडा म्हणजे नेमका तोच भाग चाळणीत राहतो. तेव्हा पहिल्या आठवड्यात नवीन काही आणू नका, फक्त पीठ चाळणं थांबवा. पोळी थोडी काळसर होईल, तक्रार येईल, येऊ द्या.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची एक भाकरी. ६० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. दात नसतील तर आमटीत कुस्करून. तिसऱ्या आठवड्यात मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ. ३० ग्रॅम कोरडं कडधान्य घेतलं तरी ४-५ ग्रॅम होतात. उसळ चांगली मऊ शिजवा, अर्धकच्ची वायू करते. मग एक मध्यम पेरू (१०० ग्रॅमला ८ ग्रॅमच्या आसपास), बारीक फोडी करून. गवार, घेवडा, शेवग्याचा पाला, मेथी यांपैकी रोज एक वाटीभर भाजी असावी.

पपई, केळं यांची कीर्ती मोठी, पण चोथा फार नाही. सुके अंजीर दोन-तीन रात्री भिजवून सकाळी खाल्ले तर उपयोग होतो. सुका आलुबुखारा जास्त कामाचा, कारण त्यात सॉर्बिटॉल असतं आणि ते आतड्यात पाणी ओढतं. चार-पाच नग पुरेत. मधुमेह असेल तर दोन्हींचा हिशेब ठेवा, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा.

पाणी: दिवसाला दीड ते दोन लिटर, पण संध्याकाळी सहाच्या आत बहुतेक सगळं संपवायचं, म्हणजे रात्री उठणं वाढणार नाही. चोथा न वाढवता नुसतं पाणी वाढवून फरक पडत नाही, जास्तीचं लघवीतून जातं. आणि पाण्याशिवाय चोथा वाढवला तर खडा आणखी घट्ट होतो. हृदयविकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर हा आकडा लागू नाही.

उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. उपवास करूच द्या, फक्त खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, सालासकट उकडलेलं रताळं आणि ताक.

गजानन_काका:
एवढी उठाठेव कशाला? महिन्यातून एकदा एरंडेल, आणि रोज रात्री गरम दुधात चमचाभर तूप. जुनी माणसं हेच करायची.

पाठीचा_कणा (फिजिओ):
काका, या वयात एरंडेल नको. कळा, जुलाब, त्यातून पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर, आणि पहाटेच्या अंधारात धडपड. तुपाचं म्हणाल तर ते रात्रीऐवजी सकाळी द्या, त्याला कारण आहे. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप आकुंचन पावतं. ही लाट सकाळी जाग आल्यावर आणि न्याहारीनंतर सगळ्यात जोरदार असते, आणि न्याहारी भरपेट व थोडी स्निग्ध असेल तर आणखी. कोरांटीताई, चहा-बिस्किटावर ही लाट नीट उठतच नाही. म्हणून सकाळी आठच्या सुमारास खरी न्याहारी: तूप घालून नाचणीची आंबील, भाज्या घातलेला दलिया किंवा थालीपीठ, सोबत गरम काहीतरी. त्यानंतर १५-२० मिनिटांनी कळ असो-नसो कमोडवर बसवा. रोज तीच वेळ. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एकदा. पण मधल्या वेळी कळ आली तर ती मात्र अडवायची नाही. रोखून धरलेला मल आतड्यात जितका जास्त वेळ राहतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं.

आता बसण्याची पद्धत, याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. गुदाशयाला वेढा घालणारा एक स्नायू असतो. उभं असताना तो मार्ग वाकवून ठेवतो, म्हणूनच मल धरून ठेवता येतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि मार्ग बराचसा सरळ होतो. कमोडवर काटकोनात बसलं तर तो पुरता सैल होत नाही, मग माणूस कुंथतो. उपाय: पायाखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचा, न घसरणारा पाट. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, पायांमध्ये अंतर, पुढे झुकून कोपरं मांडीवर. गुडघे दुखत असतील तर १० सेंटीमीटरपासून सुरू करा आणि भिंतीला धरायचा दांडा बसवून घ्या. पाटावरून उठताना पडणं हा बद्धकोष्ठतेपेक्षा मोठा धोका.

श्वास कोंडून कुंथायचं नाही. तोंड किंचित उघडं, पोट आत न ओढता हलकेच बाहेर फुगवायचं, आणि श्वास सोडत खाली जोर.

एक लक्षात ठेवा: मल मऊ होऊनही बाहेर पडत नसेल, बोटाने मदत करावी लागत असेल किंवा ‘अजून आत आहे’ ही भावना जात नसेल, तर अडचण बहुधा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची असते. जोर देताना ते सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात. तिथे चोथा वाढवत राहिलं तर त्रास वाढतो. त्याला बायोफीडबॅकचं (यंत्रावर स्नायूंची हालचाल पाहत ते सैल सोडायला शिकण्याचं) प्रशिक्षण असतं, ते करून घ्यावं.

स्टेथो_आणि_सुपली:
वरचं सगळं बरोबर, पण मला खटकलं ते हिमोग्लोबिन. ६९ वर्षांच्या बाईचं हिमोग्लोबिन ९.८ आहे आणि लोहाची गोळी सुरू झाली, पण रक्त कमी का झालं याचा शोध घेतला का? या वयात अ‍ॅनिमिया आणि बद्धकोष्ठता एकत्र दिसली तर मोठ्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव नाही ना, हे आधी पाहायचं असतं. फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉईड (टीएसएच), साखर, रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) करून घ्या, आणि कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) लागेल का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. लोहाच्या गोळीने शौच काळसर होतंच, पण डांबरासारखं चिकट काळं, लाल रक्त, वजन उतरणं, किंवा पोट फुगून उलट्या आणि वायूही न सरकणं, यातलं काही असेल तर ‘आधी आहार करून पाहू’ म्हणत थांबू नका.

गोळ्यांविषयी. लोह आणि कॅल्शियम दोन्ही मल घट्ट करतात, अ‍ॅम्लोडिपिनमुळेही काहींना त्रास होतो. स्वतःहून काही बंद करू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: लोह एक दिवसाआड चालेल का, कॅल्शियम कार्बोनेटऐवजी सायट्रेट देता येईल का, आणि बीपीची गोळी बदलणं शक्य आहे का. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी देऊ नका, आणि लोहावर लगेच चहा नको. खोकल्याचं कोडीनवालं औषध किंवा अ‍ॅल्युमिनियमवालं अ‍ॅसिडिटीचं औषध मधूनमधून घेत असतील तर तेही सांगा.

चूर्णाच्या डबीवरचे घटक वाचा, बहुतेकांत सोनामुखी (सेना, जुलाबाची वनस्पती) असते. सोबत सैंधव किंवा पादेलोणही असतं, बीपीच्या माणसाला ते रोज नको. सोनामुखीने आतडं कायमचं निकामी होतं याला भक्कम पुरावा नाही, पण जास्त मात्रेने पोटॅशियम उतरतं.

कोरांटी:
हिमोग्लोबिनचं खरंच कुणी विचारलं नव्हतं, या आठवड्यातच जातो. दोन शंका. चूर्ण एकदम थांबवू की हळूहळू? आणि इसबगोल पुन्हा द्यायचं तर कसं?

स्टेथो_आणि_सुपली:
हळूहळू. चूर्णाने आतडं जवळजवळ रिकामं होतं आणि पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौच न होणं स्वाभाविक आहे, पण माणसाला वाटतं ‘चूर्णाशिवाय होतच नाही’ आणि पुन्हा डोस जातो. न्याहारी, पाट आणि चोथा हे दोन आठवडे नीट बसलं की दोनाचा दीड चमचा, मग दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. अडलंच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल. ही दोन्ही आतड्यात पाणी धरून मल मऊ करतात. लॅक्टुलोजचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ‘लागू पडलं नाही’ म्हणून मात्रा दुप्पट करू नका. कित्येक दिवस शौच नाही आणि अधूनमधून नुसतं पाणी गळतंय, असं झालं तर ते जुलाब समजून थांबवायचं औषध देऊ नका. आत खडा अडकून त्याच्या बाजूने पातळ वाहत असू शकतं, तपासून घ्या.

परसबाग:
इसबगोल चमच्याने नको, वजनाने. भुसा हलका असतो, चमच्यागणिक फरक पडतो. ३ ग्रॅमपासून सुरू करा, २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्या, थांबलात तर लगदा होतो. वर अर्धा पेला पाणी आणखी. झोपताना नको, कोरडा तर कधीच नको: घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. गिळताना ठसका लागत असेल तर इसबगोल द्यायचंच नाही. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. आठवड्याने ६, मग लागलं तर १० ग्रॅमपर्यंत, आणि चार आठवडे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

रोज झालंच पाहिजे हा हट्टही नको. एक दिवसाआड, मऊ आणि न कुंथता होत असेल तर चूर्णाची डबी उघडायचं कारण नाही.

कोरांटी:
पाट आजच सुताराकडे टाकते. १२ सेंटीमीटर सांगते आधी, खाली रबर लावून.

पाठीचा_कणा (फिजिओ):
चालेल. रुंदी ४० सेंटीमीटर तरी ठेवा, दोन्ही पाय अंतर ठेवून मावले पाहिजेत. आणि कमोडची बैठक जमिनीपासून ४५ सेंटीमीटरच्या वर असेल तर तेवढी उंची पाटात वाढवावी लागेल, आधी मोजून घ्या.