मदत हवी आहे: स्टॉप, ट्राय, रिमेंबर यांच्यापुढे 'टू' की 'इंग'? आजच हवंय

चाकणकर
स्टॉप, ट्राय आणि रिमेंबर यांच्या पुढच्या क्रियापदाला 'टू' लावायचा की 'इंग'? शोधलं तर सगळीकडे 'दोन्ही चालतं' एवढंच लिहिलंय आणि तेवढ्यावर माझं काम होत नाहीये. रिपोर्ट परत आलाय, संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचाय. कुणाकडे पक्का नियम असेल तर लगेच टाका. वाक्य तपासायचं सॉफ्टवेअर सुचवू नका, ते वापरून झालं. त्याला माझ्या लिहिण्यात एकही चूक सापडत नाही.

सांजवात
यादी पाठ करा, दुसरा मार्ग नाही. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, कीप, माइंड, सजेस्ट, कन्सिडर, डिनाय: यांच्यापुढे इंग. वाँट, डिसाइड, होप, अग्री, रिफ्यूज, मॅनेज, प्रॉमिस: यांच्यापुढे टू. बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांना दोन्ही चालतं, अर्थ तोच राहतो. मी बँकेच्या परीक्षेला एवढ्यावर तरले.

चाकणकर
ताई, आभार, पण माझी तिन्ही क्रियापदं यात नाहीत. 'दोन्ही चालतं'वाल्यांत धरायची का?

सांजवात
हो, दोन्ही चालतं.

भाषांतरवाली
थांबा, ती तीन त्यांत धरू नका. दोन्ही चालतं, पण अर्थ पार बदलतो. कसला रिपोर्ट आहे, कुणी परत पाठवला आणि तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं? वाक्यं टाका, नाहीतर आम्ही हवेतच बोलत बसू.

निवृत्त_मास्तर
एकतीस वर्षं शिकवत आलेला साधा नियम देतो. इंग म्हणजे होऊन गेलेलं, टू म्हणजे अजून व्हायचं. 'आय रिमेंबर पोस्टिंग द लेटर' म्हणजे पत्र पेटीत पडलंय. 'रिमेंबर टू पोस्ट द लेटर' म्हणजे ते अजून हातात आहे. फर्गेट आणि रिग्रेटलाही हेच लागू. यादीची गरज नाही.

लेस्टरवासी
मास्तर, आदर ठेवून सांगतो, हा नियम सरसकट दिला तर माणूस फसेल. 'आय सजेस्ट वेटिंग' यात वाट अजून पाहायचीच आहे, तरी इंग. 'ही मॅनेज्ड टू ओपन इट' यात उघडून झालंय, तरी टू. अव्हॉइड, कन्सिडर घ्या, तिथंही इंगच्या पुढची गोष्ट घडलेली नसते. मी इथं इंग्लंडात चौदा वर्षं काम करतोय, कुणी नियमानं बोलत नाही. कानाला सवय हवी. रोज अर्धा तास रेडिओ ऐका.

निवृत्त_मास्तर
सहा वाजेपर्यंत रेडिओ ऐकून त्यांचा रिपोर्ट कसा होणार? रिमेंबर, फर्गेट, रिग्रेट या तिघांपुरता माझा नियम शंभर टक्के चालतो. सजेस्ट, मॅनेज यांना तो पुरत नाही, हे मान्य.

पाऊसपाणी
मूळ चूक वेगळीच आहे. आपले लोक 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असं बोलतात. माहीत असणं, जवळ असणं ही स्थिती झाली, क्रिया नव्हे. तिथं इंग लावायचं नाही. 'आय नो', 'आय हॅव'. हे आधी सुधारा.

चाकणकर
मी असं कुठं लिहिलंय? असो, वाक्यं टाकते. मी क्वालिटीत आहे. आमच्या ब्रॅकेटचे बोल्ट बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे ढिले निघाले, त्याचं कारण शोधून लिहायचं होतं. मी लिहिलेली वाक्यं (रेंच म्हणजे पाना, टॉर्क म्हणजे बोल्ट आवळायचा जोर):

'वुई स्टॉप्ड टू चेक द टॉर्क मॅन्युअली.'
'वुई ट्राइड टू चेंज द रेंच.'
'द ऑपरेटर डज नॉट रिमेंबर टू टाइटन द बोल्ट.'

त्यांनी समासात विचारलंय: लाईन किती वेळ थांबवली होती? रेंच बदलता का आला नाही? बोल्ट घट्ट करायचं नेहमी विसरणारा माणूस त्या स्टेशनवर कसा? यातलं काहीच घडलेलं नाही! लाईन एक मिनिटही थांबली नव्हती. रेंच दुसऱ्या शिफ्टला बदलला होता. आणि ऑपरेटर नऊ वर्षांचा जुना, कामाला एकदम चोख माणूस आहे. माझ्या एका शब्दामुळे त्याच्यावर बालंट आलंय, म्हणून घाई.

भाषांतरवाली
आता कळलं. इंग्रजी बाजूला ठेवा आणि तुम्हाला काय म्हणायचंय ते मराठीत म्हणा. हा फरक मराठीत आपण रोज करतो.

'तपासायचं थांबवलं' आणि 'तपासायला थांबलो'. पहिल्यात तपासणी बंद झाली, ते 'स्टॉप्ड चेकिंग'. दुसऱ्यात हातातलं काम सोडून तपासायला उभे राहिलो, ते 'स्टॉप्ड टू चेक'. तुमचं वाक्य दुसरं आहे, म्हणून त्यांना लाईन थांबल्यासारखी वाटली.

'बदलून पाहिला' आणि 'बदलायचा प्रयत्न केला'. '-ऊन पाहणे' म्हणजे थेट 'ट्राय' आणि इंग: काम केलं, त्यानं फरक पडतो का ते बघितलं. 'ट्राइड टू चेंज'मध्ये धडपड केली एवढंच येतं, आणि वाचणारा बहुधा ती फसली असंच धरतो.

'घट्ट केल्याचं आठवत नाही' आणि 'घट्ट करायचं लक्षात राहत नाही'. 'केल्याचं' आलं की इंग, 'करायचं' आलं की टू. इथं मास्तरांचा नियम तंतोतंत लागतो.

तुमचं सॉफ्टवेअर गप्प बसलं कारण तिन्ही वाक्यं व्याकरणानं शुद्ध आहेत. फक्त ती दुसऱ्याच घटना सांगतात.

लेस्टरवासी
'बदलून पाहणे' हे फार छान सांगितलंत, मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. या इंगचा इतिहासही बघण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे प्रत्यय होते. क्रियापदाचं नाम करायला '-उंग' किंवा '-इंग', आणि आपल्या 'जाणारा', 'जात असलेला'सारख्या विशेषणाला '-एंडे'. मध्ययुगात दोन्ही मिळून एकच '-इंग' झालं. म्हणून आज एकाच रूपावर दोन-दोन कामं पडतात.

पाऊसपाणी
हे सगळं शाळेत का सांगत नाहीत? आम्हाला पाचवीपासून इंग्रजी होतं. 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून आलं, तरी मुलं अजून यादीच पाठ करतात.

निवृत्त_मास्तर
पहिली की पाचवी हा मुद्दाच नाही. वर्गात साठ मुलं असली की प्रत्येकाचं वाक्य कोण ऐकणार? मराठीचं व्याकरण पक्कं असलेल्या मुलाला हे लवकर उमगतं. धातुसाधित नाम आम्ही मराठीच्या तासाला शिकवतो, पण इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण कुणी करून देत नाही. भाषांतरवाली बाईंनी केलं ते वर्गात व्हायला हवं. या विषयावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

सांजवात
मी 'दोन्ही चालतं' म्हणून चुकीचं सांगितलं, माफ करा. परीक्षेत पर्याय निवडायचा असतो, वाक्याचा परिणाम कुणाला भोगायचा नसतो, म्हणून हे कधी डोक्यातच आलं नाही. चाकणकर, रिपोर्टच्या शेवटी काय लिहिलंय तेही टाका.

चाकणकर
'वुई सजेस्ट टू रिप्लेस ऑल रेंचेस. लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.'

सांजवात
दोन्ही बदला. सजेस्ट माझ्या यादीत आहे: 'वुई सजेस्ट रिप्लेसिंग'. आणि 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग'.

चाकणकर
टू असताना इंग कसं?

भाषांतरवाली
तो टू वेगळा. कसोटी सोपी आहे: टूच्या पुढे नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' बसतं ना? मग तो 'कडे'सारखा शब्दयोगी टू आहे, त्याच्यापुढे क्रियापद आलं तर इंग लावूनच येणार. तुमच्या कामात आणखी एक लागेल: 'वुई यूज्ड टू वर्क इन थ्री शिफ्ट्स' म्हणजे पूर्वी तीन पाळ्यांत करायचो, 'वुई आर यूज्ड टू वर्किंग इन थ्री शिफ्ट्स' म्हणजे तीन पाळ्यांची सवय आहे.

एक मात्र विचारते. ऑपरेटर मराठीत नेमकं काय म्हणाले होते? तुमच्या वाक्यावरून मी 'केल्याचं आठवत नाही' असं धरलंय.

चाकणकर
सुपरवायझरनं मला 'त्याला आठवत नाही म्हणतो' एवढंच सांगितलं होतं. खाली जाऊन विचारून येते.

चाकणकर
आले. ते ब्रॅकेट हातात धरून उभे राहिले, चारही बोल्टांवर एकेक बोट ठेवलं आणि म्हणाले, 'मॅडम, चारही घट्ट केल्याचं आठवतंय. चौथ्याला रेंचचा टक आवाज ऐकल्याचं आठवत नाही. बाजूचा कॉम्प्रेसर तेव्हाच सुरू झाला होता.' आमचा रेंच ठरलेला टॉर्क आला की टक वाजतो, त्यावरच सगळं चालतं. आणि ढिले निघालेले सगळे बोल्ट चौथ्याच जागेचे आहेत!

आता असं लिहिलंय, कुणीतरी बघा:

'वुई स्टॉप्ड चेकिंग द टॉर्क मॅन्युअली आफ्टर द न्यू रेंच केम. वुई ट्राइड चेंजिंग द रेंच, बट द प्रॉब्लेम कंटिन्यूड. द ऑपरेटर रिमेंबर्स टाइटनिंग ऑल फोर बोल्ट्स, बट डज नॉट रिमेंबर हिअरिंग द क्लिक ऑन द फोर्थ.'

निवृत्त_मास्तर
तिन्ही निर्दोष. पाठवा.

भाषांतरवाली
पाठवा. फक्त 'सजेस्ट रिप्लेसिंग ऑल रेंचेस' आता काढा. रेंच बदलूनही फरक पडला नाही असं तुम्हीच वर लिहिलंय.

चाकणकर
काढलं. त्या जागी चौथ्या जागेची हातानं तपासणी पुन्हा सुरू करतोय असं लिहिलं. 5.40 ला गेला.