मदत हवी आहे : शाळेतल्या मेहनतीचा पुढच्या कमाईशी खरंच संबंध असतो का? धाकट्या भावाला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे, नववीत शिकतो. त्याच्या अभ्यासाकडे घरात मीच बघते. मुलगा हुशार आहे आणि आळशी तर मुळीच नाही, एखादी गोष्ट आवडली की तासन्‌तास तिच्यात डोकं घालून बसतो. पण शाळेच्या अभ्यासावरून त्याचं मन उडालंय. परवा त्याने मला सरळच विचारलं, "ताई, नववीत मला किती मार्क होते हे तिशीत कोण विचारणार आहे? आत्ता जीव तोडून अभ्यास केला की पुढे पैसे जास्त मिळतात, हे कुणी मोजलंय का? की मोठी माणसं एकमेकांचं ऐकून आम्हाला सांगतात?"

मला हा प्रश्न उद्धट वाटला नाही, रास्त वाटला. "अभ्यास कर, नाहीतर पस्तावशील" हे त्याने इतक्यांदा ऐकलंय की त्याचा आता काही परिणाम होत नाही. मला त्याला खरं उत्तर द्यायचंय. संबंध आहे का? असेल तर तो मार्कांमुळे, की त्यामागच्या सवयींमुळे? आणि असला तरी पंधरा वर्षांच्या मुलाला तो पटेल असा कसा सांगायचा?

अजून एक सांगते, कदाचित उपयोगी पडेल. तो अभ्यासाला बसतच नाही असं नाही. इतिहासाच्या पुस्तकात पानंच्या पानं पिवळ्या-हिरव्या हायलायटरने रंगवलेली आहेत, न रंगवलेली ओळ शोधावी लागते. गणिताच्या वहीत उदाहरण सुबक अक्षरात उतरवलेलं असतं, पहिल्या दोन पायऱ्या असतात, मग चार ओळी कोऱ्या आणि खाली पुढचं उदाहरण. त्या चार ओळी दुसऱ्या दिवशी फळ्यावरून भरल्या जातात. वेळ जातो, हात दुखतात, आणि मार्क जिथल्या तिथे. मला वाटतं मन उडण्याचं निम्मं कारण हेच असावं.

अनुभव असलेल्यांनी, या विषयातलं वाचन असलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, तिशीत कुणी विचारत नाही हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. ते मान्य करूनच बोलायला सुरुवात करा, म्हणजे पुढचं तो ऐकेल. पहिल्या एकदोन नोकऱ्यांनंतर शाळेचं प्रगतिपुस्तक कुणी मागत नाही. पण प्रत्येक टप्प्यावर लगतचा मागचा टप्पा बघितला जातो. शाळेच्या मार्कांवर पुढचे विषय आणि प्रवेश, प्रवेशावर पहिली नोकरी, पहिल्या नोकरीवर दुसरी. नववीचं नाव पुढे कुठेच येत नाही, तरी ती त्या सगळ्याच्या मुळाशी असते.

प्रतिसाद २

मोजलंय, आणि चांगलं मोजलंय. रोजगार आणि वेतनाची आकडेवारी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मायामी विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ मायकेल फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत शाळकरी वयापासून ज्यांची माहिती वर्षानुवर्षं गोळा केली गेली, अशा लोकांचे शाळेच्या दप्तरात नोंदलेले मार्क आणि तरुणपणीची कमाई त्यांनी ताडून पाहिली. मार्क लोकांना आठवून सांगायला लावलेले नव्हते, हे महत्त्वाचं. तिथे सगळ्या विषयांची मिळून ४ पैकी सरासरी काढतात. ही सरासरी एका अंकाने जास्त असेल, तर वार्षिक कमाई पुरुषांमध्ये सुमारे १२ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे १४ टक्के जास्त आढळली. पदवी पूर्ण करण्याची शक्यता २१ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट. घरची पार्श्वभूमी हिशेबात धरल्यावरचे हे आकडे आहेत. एक अंक म्हणजे सगळ्या विषयांत एक संपूर्ण श्रेणी वर, तेव्हा फरक काही किरकोळ नाही. पण दिवसाचे चोवीस तास पुस्तकात घालवल्याशिवाय गाठता येणार नाही, इतका अवाढव्यही नाही.

याहून व्यापक आकडा हवा असेल तर सायकारोपुलस आणि पॅट्रिनोस यांचा २०१८ चा आढावा आहे. जगभरच्या देशांतले अभ्यास एकत्र करून त्यांनी काढलं की शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे माणसाची कमाई सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मार्क की सवय. अर्थशास्त्रात यावर जुना वाद आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलं की शिक्षणाने माणसाची काम करण्याची कुवत वाढते आणि कमाई त्या कुवतीची असते. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी दुसरी बाजू मांडली. मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो पदवी आणि मार्क बघून अंदाज बांधतो. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते जेम्स हेकमन यांचं काम. अमेरिकेत शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी जीईडी नावाची परीक्षा आहे. ती पास झाली की शाळा पूर्ण केल्याइतकी पात्रता धरतात. हेकमन यांनी पाहिलं की ही परीक्षा पास झालेले लोक बुद्धीच्या चाचण्यांत शाळा पूर्ण करून तिथेच थांबलेल्यांच्या जवळपास बरोबरीने होते. पण बुद्धीचा भाग हिशेबातून वेगळा काढला की त्यांची कमाई शाळा सोडलेल्या इतरांसारखीच राहत होती. म्हणजे डोकं होतं, कागदही होता, तरी काहीतरी कमी पडत होतं. हेकमन यांच्या मते ते होतं चिकाटी, वेळ पाळणं, कंटाळवाणं काम शेवटाला नेणं. शाळेची वर्षं नेमकी हेच घडवतात. तुमच्या भावाकडे डोकं आहे, तेव्हा हा भाग त्याला जरूर वाचायला द्या.

एक मात्र त्याच्यापासून लपवू नका. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. घरची परिस्थिती, शाळेचा दर्जा, नोकऱ्यांचा काळ याचाही कमाईवर मोठा परिणाम होतो. मेहनत केलेल्या प्रत्येकाला बक्षीस मिळतंच असं वचन त्याला देऊ नका, कारण उद्या एखादं उलट उदाहरण दिसलं की तो सगळंच झटकून टाकेल.

प्रतिसाद ३

मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं खातं सांभाळतो. शिकाऊ मुलं माझ्याकडे येतात. त्यातली बरीच मुलं शाळेत मागे पडलेली असतात आणि हाताने उत्तम असतात. कुणाच्या मार्कांवरून मी त्याला कमी लेखत नाही.

पण पहिल्या महिन्यात काय होतं ते सांगतो. ड्रॉइंग समोर ठेवलं की त्यावर माप असतं आणि शेजारी अधिक-उणे किती चालेल ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ४० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५. ज्याला दशांश आणि गुणोत्तर पक्कं येतं तो दोनदा मोजून काम सुरू करतो. ज्याला येत नाही तो शेजाऱ्याला विचारतो, पुढच्या कामालाही विचारतो, आणि मग हळूहळू ड्रॉइंगची कामं टाळायला लागतो. वर्षभराने सुट्या भागांची साफसफाई त्याच्याकडे आणि नवीन यंत्राची जोडणी दुसऱ्याकडे. पगारातलं अंतर इथून सुरू होतं आणि दरवर्षी वाढत जातं. दोघांची बुद्धी सारखी असते, हे मी रोज बघतो, म्हणून जास्त वाईट वाटतं.

कॉलेजला जायचंच नाही म्हणणाऱ्या मुलांना वाटतं की शाळेचं गणित आपल्या कामाचं नाही. माझा अनुभव अगदी उलट आहे.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल भावाबरोबर बसून वाचलं. जीईडीचा भाग त्याने दोनदा वाचला. कारखान्याचं वाचून मात्र बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हे आधी कुणी सांगितलं नव्हतं."

आता पुढची अडचण. पटलं तरी संध्याकाळी पुस्तक उघडताना ते टिकत नाही. घरात कुणी म्हणालं, चांगले मार्क आले तर काहीतरी मोठं बक्षीस देऊ. हे करावं का? आणि त्या रंगवलेल्या पानांचं काय करू?

प्रतिसाद ४

मी माध्यमिक शाळेत शिकवते. बक्षिसाबद्दल आधी लिहिते. शिकागो परिसरातल्या शाळांमध्ये स्टीव्हन लेविट आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीनंतर लगेच बक्षीस मिळणार असेल तर मुलं जास्त नेटाने पेपर सोडवत होती. तेच बक्षीस महिन्याभराने देऊ म्हटल्यावर परिणाम जवळजवळ शून्य. महिनाभर लांबची गोष्ट जर मुलांना ओढत नसेल, तर पंधरा वर्षांनंतरचा पगार रोज संध्याकाळी काय ओढणार? हा तुमच्या भावाचा दोष नाही, ते वयच तसं आहे. त्यामुळे वार्षिक मार्कांवर मोठं बक्षीस लावू नका. पुढच्या आठवड्यातली चाचणी, आजची पाच उदाहरणं, एवढ्याच अंतरावर बोला. मार्क त्याच्या हातात पूर्णपणे नसतात, पाच उदाहरणं असतात.

माहिती देण्याचा उपयोग होत नाही असं मात्र समजू नका. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये रॉबर्ट जेन्सन यांनी आठवीतल्या मुलांना शाळा पूर्ण केल्यावर प्रत्यक्षात कमाई किती वाढते ते नुसतं सांगितलं. मुलांचा स्वतःचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी होता. ज्यांना आकडे सांगितले ती मुलं पुढच्या चार वर्षांत इतरांपेक्षा थोडी जास्त शिकली. सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांवर मात्र परिणाम फारसा दिसला नाही, कारण त्यांची अडचण माहितीची नव्हती, पैशाची होती. तुमच्या भावाला आकडे कळले, हे चांगलंच झालं.

आता रंगवलेली पानं. हे मी वर्गात रोज बघते आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण त्या मुलाने खरोखर वेळ दिलेला असतो. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे पुन्हा वाचून किंवा रंगवून "येतंय" असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं. त्याला सांगा, एक पान वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. मग उघडून काय सुटलं ते बघ. सुरुवातीला फार थोडं आठवेल आणि त्याला वाईट वाटेल, तेव्हा जवळ बसा. तीच गोष्ट दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा.

गणिताच्या कोऱ्या ओळींवर एकच नियम घाला : ओळ कोरी ठेवायची नाही. अडलं तिथे "इथे मला हे कळत नाही" असं शब्दांत लिहायचं. फळ्यावरून उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी वही न बघता तेच उदाहरण पुन्हा सोडवायचं. "कळत नाही"ची चारपाच वाक्यं जमली की नेमकं काय अडतंय ते तुम्हालाही दिसेल.

आणि झोप. या वयात ८ ते १० तास लागते. रात्री जागून केलेल्या अभ्यासाला मी तरी मेहनत म्हणत नाही.

धागाकर्ती

खूप धन्यवाद बाई, कोऱ्या कागदाचा प्रयोग आजपासूनच. शेवटचं विचारते. पुढच्या वर्षी त्याच्या शाळेत वरच्या पातळीचं गणित सोडून सोपं गणित घेता येतं. मार्क वाढतील म्हणून त्याला ते घ्यायचंय. घेऊ द्यावं का?

प्रतिसाद २

माझं मत, शक्यतो नको. हेदर रोज आणि ज्युलियन बेट्स यांनी २००४ मध्ये शाळेत घेतलेले गणिताचे विषय आणि शाळा संपल्यावर साधारण दहा वर्षांनंतरची कमाई तपासली होती. बीजगणित, भूमिती अशा वरच्या पातळीच्या विषयांचा संबंध कमाईशी जास्त दिसला, साध्या गणिताचा कमी. शिवाय सोपं गणित घेतलं की पुढचे कितीतरी अभ्यासक्रम आपोआप बंद होतात, आणि पंधराव्या वर्षी कुणालाच माहीत नसतं आपल्याला त्यातला कुठला लागेल. वरच्या पातळीवर मार्क थोडे कमी आले तरी चालतील.

मात्र पाया फारच कच्चा असेल तर नुसता हट्ट धरून उपयोग नाही. फॉर्म भरण्याआधी त्याच्या गणिताच्या शिक्षकांना भेटा, भावालाही बरोबर न्या आणि ती "कळत नाही"ची वही घेऊन जा. कुठल्या इयत्तेपासून गाडी अडलीय ते त्यांना त्यावरून सांगता येईल, आणि वर्ष सुरू होण्याआधी तेवढं भरून काढता येईल का, हेही.